राउटरचा छोटा यूपीएस: आठ महिने, एक पावसाळा, एक गणपती

२० मे २०२५. तारीख पक्की लक्षात आहे, कारण मी घरून जीएसटीची कामं करते आणि २० तारीख, म्हणजे महिन्याचं रिटर्न भरायचा शेवटचा दिवस, ही आमच्या धंद्यातली संकष्टी. दुपारी अडीचला वळीव आला, लाइट गेली. ओटीपी मोबाइलवर येऊन पडला, पण तो टाकायचा कुठे? लॅपटॉपला बॅटरी होती, राउटर मेलेला. मोबाइलचं नेट वापरावं म्हटलं, तर वायफायवर जगणारी अख्खी गल्ली त्याच क्षणी टॉवरवर चढलेली. गोल गोल फिरणारं चक्र बघत बसले.

इन्व्हर्टर आहे आमच्याकडे. पण वायरिंग करताना तो दोन पंखे आणि तीन दिव्यांवर टाकला, राउटर मात्र टीव्हीच्या पॉइंटवर. तेव्हा घरात राउटरच नव्हता, कोणाला दोष देणार? शिवाय शेजारच्या काकूंचा राउटर इन्व्हर्टरवर आहे, तरी लाइट जाता-येताना तो क्षणभर डोळे मिटतो आणि पुन्हा सुरू व्हायला तीन मिनिटं घेतो. म्हणून साडेअकराशे रुपयांना राउटरचा छोटा यूपीएस, म्हणजे हा बॅटरीचा डबा मागवला. आकार साबणाच्या मोठ्या वडीएवढा. अडॅप्टर डब्यात, डब्याची पिन राउटरमध्ये, संपलं.

पहिल्याच परीक्षेत पोपट झाला. लाइट गेली, राउटरचे हिरवे दिवे दिमाखात चालू, आणि नेट बंद! मी डबा परत पाठवायच्या तयारीत. केबलवाल्या दादांना फोन केला तर ते शांतपणे म्हणाले, "ताई, तुमच्याकडे चालू आहे हो, पण गच्चीवरचा डबा बंद आहे ना." आमचं जुनं कनेक्शन म्हणजे लॅनची निळी वायर. ती चार घरं सोडून एका गच्चीवरच्या स्विचला, म्हणजे नेट पुढे वाटणाऱ्या डब्याला जायची, आणि तो स्विच त्या घरच्या लाइटवर चालायचा. म्हणजे मी माझ्या घराची सोय केली, पण माझं नेट शेजाऱ्यांच्या मीटरवर होतं.

जुलैत त्यांनीच फायबर ओढून दिलं. खांबावरच्या डब्यात स्प्लिटर असतो, तो एका फायबरमधला प्रकाश बत्तीस घरांना वाटतो आणि त्याला वीज लागत नाही. पुढे थेट त्यांचं ऑफिस, तिथे बॅटऱ्या आणि जनरेटर. हे समजावताना दादा जे बोलले ते मी सगळ्यांना ऐकवते: "ह्यात मधे कुठे लाइट लागत नाही ताई, आतून लाइटच जाते." तेव्हा डबा घ्यायच्या आधी तुमच्या केबलवाल्याला एवढंच विचारा, की वाटेत कुठे लाइटवर चालणारा डबा आहे का. असेल तर पैसे वाचवा.

आता बॅटरीबद्दल. खोक्यावर मोठ्या आकड्यात ६,६०० एमएएच आणि खाली 'चार तास'. आत २,२०० एमएएचचे तीन सेल आहेत, तेही ३.७ व्होल्टचे. गुणाकार केला तर साधारण २४ वॉट-तास निघतात. माझ्या राउटरच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट, दीड अँपिअर लिहिलंय, म्हणजे १८ वॉट, पण प्रत्यक्षात तो सात-आठ वॉट खातो. १२ व्होल्टपर्यंत चढवताना थोडं वाया जातं. सुरुवातीला मला दोन तास पन्नास मिनिटं मिळाली, आता दोन तास वीस. चार तास मिळतील, जर राउटरनं एकादशी धरली तर. वर चार्जिंग दाखवणारे चार ठिपके आहेत ते शोभेचे: तीन ठिपके तासन् तास, मग एकदम शून्य.

पिनेची भानगड वेगळीच. बाहेरून सगळ्या सारख्या, साडेपाच मिलिमीटर, पण आतलं भोक कुठे २.१ तर कुठे २.५. मला आलेली पिन सैल बसायची. केर काढताना झाडूचा धक्का लागला की राउटर रिस्टार्ट, आणि आतल्या खोलीतून आरोळी. स्टेशनरोडवरच्या दुकानातून तीस रुपयांची योग्य पिन आणली तेव्हा घरात शांतता नांदली. राउटर ९ व्होल्टचा असेल तर १२चा डबा लावू नका, हे लिहायची गरज नसावी. पण आमच्या ह्यांनी विचारलं होतं. आणि डबा टीव्हीच्या मागे कोंबू नका. लिथियमचे सेल आहेत, तापतात, आणि तापले की लवकर म्हातारे होतात.

खरी गंमत पुढे झाली. घरात 'आपलं नेट जात नाही' असा गर्व शिरला. अनंत चतुर्दशीला, ६ सप्टेंबरला, इकडे विसर्जन चाललेलं आणि तिकडे तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ इंटरनेटच्या केबल तुटल्या. त्यातल्या दोन थेट मुंबईला येणाऱ्या. चिरंजिवांनी ती बातमी पुढे दिवाळीपर्यंत वापरली. गृहपाठ का नाही? "समुद्रात केबल तुटलीय." १८ नोव्हेंबरच्या संध्याकाळी तर असंख्य वेबसाइट ज्या कंपनीच्या आधारावर चालतात, ते क्लाउडफ्लेअरच बसलं. त्यांची एक फाइल चुकून दुप्पट आकाराची झाली, सॉफ्टवेअरनं ठरवलेली मर्यादा ओलांडली, आणि चॅटजीपीटी, एक्स वगैरे जगभर अडखळले. कोणती साइट बंद आहे ते सांगणारी डाउनडिटेक्टरसुद्धा त्यात अडकली. आमच्या ह्यांनी मात्र तोवर माझा डबा दोनदा काढून लावला होता. लाइट होती, डबा भरलेला होता, फायबर ठणठणीत होतं. डब्याची जबाबदारी राउटरपर्यंतच्या दीड फुटाची, हे त्यांना अजून पटलेलं नाही.

घ्यावा का? माझ्यासारखं घरून काम असेल आणि फायबर असेल तर डोळे मिटून घ्या. पावसाळ्यात माझी एकही २० तारीख चुकली नाही. फक्त सिनेमे बघायला हवा असेल तर टीव्ही कशावर लावणार ते आधी ठरवा.

एक उपयोग मात्र माहितीपत्रकात नाही. गणपतीत दुसऱ्या दिवशी ऐन आरतीत लाइट गेली. मखराला दोन मीटरची एलईडीची पट्टी लावली होती, तीही १२ व्होल्टची. सासूबाईंनी मला विचारलं नाही, ह्यांना विचारलं नाही. राउटरची पिन उपटली आणि पट्टीला लावली. मखर उजळलं. आतून चिरंजीव ओरडला, "आई, नेट गेलं!"

"बरं झालं," सासूबाई म्हणाल्या, "बाहेर ये आणि टाळ्या वाजव."