इळ्याला पाणी की तेल?

आमच्याकडे ‘पाणी देणं’ म्हणजे धार कडक करणं, मग इळा (विळा) तेलात का विझवलेला असेना. प्रश्न असा, की ट्रकच्या जुन्या पाट्याचा, म्हणजे स्प्रिंगच्या पट्टीचा, इळा घरच्या भट्टीवर घडवला, आता बुडवायचा कशात? दोन्ही करून पाहिलं. सोयाबीनच्या सोंगणीसाठी मी तेलच धरतो. पण पाण्याची एक खुबी तेलात नाही, ती पुढे येतेच.

बुडवण्याआधीचं काम दोन्हीकडे सारखं, आणि बहुतेक इळे तिथेच बिघडतात. मे महिन्याच्या दुपारी उन्हात लाल रंग फिका दिसतो. आपण भाता मारत राहतो आणि ताव जास्त होतो. त्यापेक्षा सांज झाल्यावर काम काढावं. चुंबक साधारण ७७० अंशांना धरणं सोडतो, तिथून अजून थोडा ताव लागतो. मला मात्र जास्त भरवसा सावलीचा. तापताना लाल पात्यावरून काळसर ढग सरकत जातो, कारण आतली रचना बदलताना पोलाद उष्णता गिळतं. ढग पूर्ण पार झाला, पातं सगळीकडे एकसारखं उजळलं, की काढायचं. आमचे लोहारबाबा म्हणायचे, “रंग नोका पाहू जी, सावली पाहा.”

पाणी फुकट आणि जहाल. पात्याभोवती वाफेचा पडदा धरतो, आणि वाफ अडकली तिथे मऊ डाग राहतो. म्हणून मीठ टाकतात. पण पाट्याच्या पोलादात सिलिकॉन, मँगनीज असतं, ते सावकाश निवलं तरी कडक होतं. त्याला पाण्याची घाई सोसत नाही. माझा दुसराच इळा बादलीत ‘टिंग’ वाजला. पुसून पाहिलं तर धारेवर केसाएवढी चीर.

खुबी अशी: फक्त धार बुडवायची, बाहेर काढून विटेच्या तुकड्याने घासायची. पाठीतला उरलेला ताव धारेकडे येतो, तिचा ठिसूळपणा उतरवतो आणि रंग डोळ्यांदेखत चालत येतात. कडब्यासारखा पिवळा साधारण २०५ अंशांना, तपकिरी २५० च्या आसपास, जांभळा २८०, मग निळा. हवा तो रंग धारेला लागला की पूर्ण बुडवा. एकाच तावात काम आटोपतं.

तेलात हे दिसत नाही, पातं काळं निघतं. शेंगदाण्याचं तेल ५०-६० अंशांपर्यंत कोमट करून घ्यावं. थंड तेल घट्ट असतं, उष्णता नीट ओढत नाही. डबा लोखंडी हवा आणि झाकण हाताशी, कारण भडका उडतोच. गॅरेजचं जळालं ऑइल फुकट मिळतं, पण त्याचा धूर छातीत घेण्यासारखा नाही. विझवल्यावर जुनी कानस फिरवा: घसरली तर कडक, चावली तर ताव कमी पडला. मग पॉलिश पेपरने चकाकवा आणि तापल्या लोखंडी पाटीवर पाठीकडून टेकवा. रंग इथेही चालतात, फक्त मेहनत दुप्पट. सोयाबीनला तपकिरीवर थांबा. तुरीच्या खोडाला मी जांभळ्यापर्यंत जाऊ देतो, नाहीतर धारेचे टवके उडतात.

तेलाचा खर्च करण्याआधी त्याच पाट्याचा दोन बोटांचा तुकडा विझवा आणि शिकंज्यात धरून मोडा. मोड करडा, मखमलीसारखा दिसला तर डबा भरा. साखरेसारखे दाणे चमकले तर तेल आणून काही होणार नाही, आधी भाता आवरा.