इग्नूचा एमबीए, हॉटेलची नोकरी सांभाळून: वर्षभरानंतरचा अनुभव

मी गोव्यातल्या पेडणे तालुक्यातला, कांदोळीच्या बाजूला एका रिसॉर्टात पर्चेसला, म्हणजे माल खरेदीच्या कामाला आहे. इग्नूच्या, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या, एमबीएला वर्ष होऊन गेलं, पहिल्या दोन सेमिस्टरचे बहुतेक पेपर पास झालो आणि ओळखीतले हॉटेलवाले सारखे विचारतात की कसं आहे, घेऊ का, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. मत आधीच सांगून टाकतो. हातात नोकरी असेल आणि आज वाचलेलं उद्या कामावर लावून बघायची हौस असेल तर डोळे झाकून घ्या. नोकरी मिळावी म्हणून घेणार असाल तर थांबा, त्याबद्दल खाली लिहिलंय.

आधी हे प्रकरण काय आहे ते, कारण आपल्याकडे अजून लोकांना वाटतं की पोस्टाने येणारी कसलीतरी डिग्री. इग्नू १९८५ साली संसदेच्या कायद्याने झालं, आपलं गोवा विद्यापीठ सुरू झालं तेच वर्ष. पहिले कुलगुरू प्रा. जी. राम रेड्डी, १९८२ ला आंध्रात देशातलं पहिलं मुक्त विद्यापीठ झालं त्याचेही पहिले कुलगुरू तेच. १९८७ ला शिकवायला सुरुवात केली तेव्हा दोनच डिप्लोमा होते, एक दूरशिक्षणाचा आणि एक मॅनेजमेंटचा, दोन्ही मिळून ४,५२८ विद्यार्थी. म्हणजे मॅनेजमेंट हा इथे मागाहून चिकटवलेला विषय नाही, पहिल्या दिवसापासून आहे, आणि तोही नोकरी करणाऱ्या माणसाला डोळ्यासमोर ठेवून. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण पुस्तकं वाचताना ते जाणवतं.

पूर्वी एमबीएला ओपनमॅट नावाची प्रवेश परीक्षा असायची, आता नव्या रचनेत ती नाही, पदवीला ५० टक्के असले (आरक्षणात ४५) की थेट प्रवेश, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत. एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची, मान्यता आहे. फी चार सेमिस्टरची मिळून साठ-पासष्ट हजारांच्या घरात जाते.

एकूण २८ कोर्स, ११६ क्रेडिट. आता हा हिशोब कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. इग्नूमध्ये एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास धरलेला असतो, कोर्स ४ क्रेडिटचा म्हणजे १२० तास, आणि पहिल्या सेमिस्टरला सात कोर्स, म्हणजे ८४० तास! सहा महिन्यांत विभागले तर रोजचे साडेचार तास होतात, सुट्टी न घेता. दहा तासांची ड्युटी आणि वर म्हापशाहून बसचा प्रवास करणाऱ्याने ते कुठून काढायचे? पण सोय अशी की दोन वर्षांचा कोर्स चार वर्षांपर्यंत पुरा करता येतो आणि कुठल्या परीक्षेला कुठले पेपर द्यायचे ते तुम्ही फॉर्म भरताना ठरवता. परीक्षा जून आणि डिसेंबरला. हॉटेलवाल्याला डिसेंबर म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको, नाताळ आणि ३१ डिसेंबरच्या तयारीत साधी रजा मागायची सोय नसते. म्हणून मी जड पेपर सगळे जूनला ठेवतो, डिसेंबरला दोन-तीन हलके, आणि खरा अभ्यास एप्रिल संपला की. गणेशचवथीच्या आधीचा पाऊसकाळ असाइनमेंटना. ज्याने सगळे सात पेपर डिसेंबरलाच देईन असं ठरवलं त्याची दमछाक ठरलेली.

मार्कांचं म्हणाल तर ३० टक्के असाइनमेंट, ७० टक्के लेखी परीक्षा. पुस्तकं इग्नूच्या ईज्ञानकोश या साइटवर फुकट पडलेली आहेत, प्रवेश नसला तरी कोणीही उघडू शकतो, त्यामुळे पैसे भरायच्या आधी एमएमपीसी-००१ या पहिल्या कोर्सचं पहिलं युनिट नुसतं वाचून बघा. भाषा इंग्रजी, पण सरळ, मधेमधे स्वतःला तपासायचे प्रश्न, म्हणजे शिक्षक समोर नाही हे गृहीत धरूनच लिहिलेलं. मराठी माध्यमातून शिकलेल्याला पहिले एक-दोन महिने जड जातं, मग सवय होते.

आता जे सांगायला खरं म्हणजे हे लिहायला बसलो ते. दुसऱ्या सेमिस्टरला एमएमपीसी-००९ आहे, मशीन आणि मटेरियल मॅनेजमेंट. नाव ऐकून वाटतं कारखान्याचा विषय, आपला काय संबंध, पण त्यात इन्व्हेंटरी आहे आणि त्यात एबीसी अ‍ॅनालिसिस. प्रत्येक वस्तूचा वर्षाचा खप गुणिले दर काढायचा, मोठ्यापासून लहानापर्यंत लावायचं, मग वरच्या थोड्याच वस्तूंत बहुतेक पैसा अडकलेला दिसतो, त्या ए गटात. मधल्या बी गटात. आणि खाली शेकडो बारीकसारीक वस्तू ज्यांची किंमत मिळून फार नाही त्या सी. मी आमच्या स्टोअरची यादी एक्सेलवर घेतली आणि बसलो. वर काय आलं? दारू, इसवण (सुरमई), सुंगटं (कोळंबी), चीज, चादरी-टॉवेल. आणि आमचं रजिस्टर सगळ्यात बारकाईने कशाचं ठेवलेलं, तर टिश्यू, टूथपिक, साबणाच्या वड्या! स्टोअरचे काका वीस वर्षं तिथे आहेत, त्यांना शीट दाखवली तर म्हणाले, "अरे बाबा, हे मला ठाऊकच होतं, पण कागदावर कोणी मांडलं नव्हतं." तेव्हापासून मासळीचं वजन आल्या आल्या आणि साफ केल्यावर असं दोनदा लिहिलं जातं, आणि टिश्यूचा माल महिन्यातून एकदाच येतो.

त्याच पुस्तकात ईओक्यू आहे, एका वेळी किती माल मागवला की मागवण्याचा आणि साठवण्याचा खर्च मिळून कमीत कमी होतो त्याचं सूत्र. ते साबण-शाम्पूला चपखल बसतं, मासळीला अजिबात नाही, कारण मासळी टिकत नाही आणि दर रोज वेगळा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, त्या ६१ दिवसांत ट्रॉलरचा मासा येत नाही, दर कुठल्या कुठे जातात, तिथे कुठलं सूत्र लावणार? ही मर्यादा ताडून बघायला मिळते ती आपण रोज त्यात उभे असतो म्हणूनच, आणि माझ्या मते नोकरी करत शिकण्याचा खरा फायदा हाच. कॉलेजातल्या मुलाला तो पाच मार्कांचा प्रश्न, आपल्याला तो उद्याचा इंडेंट, म्हणजे मालाची मागणी.

अकाउंट्सचा एमएमपीसी-००४ पण तसाच कामाचा. समजा पावसात खोली १,८०० ला दिली आणि ती भरल्याने वाढणारा खर्च, म्हणजे धुलाई, वीज, नाश्ता, ६०० असेल, तर १,२०० रुपये पगार-भाड्यासारख्या ठरलेल्या खर्चाला हातभार लावतात. पावसात एवढ्या कमी दरात का देतात यावर आमच्यात कायम वाद असायचा, आता निदान कुठल्या आकड्यावर वाद घालायचा ते कळतं.

सगळ्यात कठीण एमएमपीसी-००५, क्वांटिटेटिव्ह, म्हणजे आकडेमोडीचा. बारावीनंतर गणित सुटलेल्यांनी याला सगळ्यात जास्त वेळ द्यावा, नुसतं वाचून काही होत नाही, वही घेऊन गणितं सोडवायलाच लागतात.

एक गोष्ट कळकळीने सांगतो, तयार असाइनमेंट विकणारे पावलोपावली भेटतील, मलाही एकाने फोन करून दर सांगितला. घेऊ नका. ३० टक्के मार्कांचा प्रश्न नाही, अहो असाइनमेंट लिहितानाच तर पुस्तक वाचून होतं, ती विकत घेतली की जूनमध्ये तीन तास कोरा कागद समोर.

आता ज्यांना प्लेसमेंट पाहिजे त्यांच्यासाठी. इथे कॅम्पस नाही, वर्गमित्र नाहीत, कंपन्या दारात येत नाहीत. वय लहान असेल आणि दोन वर्षं पूर्णवेळ देता येत असतील तर ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठाचं गोवा बिझनेस स्कूल आहे, तेही सरकारी, मॅनेजमेंट, कॉमर्स, इकॉनॉमिक्स आणि कॉम्प्युटर असे वेगवेगळे विभाग एकत्र करून झालेलं, तिथे प्रयत्न करा. खिशाला परवडत असेल तर साखळी शहराजवळ जीआयएम, म्हणजे गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट आहे, १९९३ पासूनचं, पण ते खाजगी आणि तिथली फी आपल्या पगारात बसणारी नाही. बँकेत असाल आणि सीएआयआयबी ही बँकवाल्यांची परीक्षा झालेली असेल तर इग्नूचाच बँकिंग आणि फायनान्सचा वेगळा एमबीए बघा. डिग्री चालते का हा प्रश्न हमखास येतो, तर यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२२ मध्ये स्पष्टच केलंय की मान्यता असलेल्या संस्थांच्या दूरशिक्षणाच्या पदव्या नेहमीच्या पदव्यांच्या बरोबरीच्या.

तिसऱ्या सेमिस्टरला स्पेशलायझेशन निवडायचं असतं, एचआर, फायनान्स, मार्केटिंग, ऑपरेशन्स, सर्व्हिसेस. हॉटेलवाले बहुतेक सर्व्हिसेस किंवा मार्केटिंग घेतात, मी ऑपरेशन्स घेतोय, आणि शेवटच्या प्रोजेक्टला बंदीच्या दोन महिन्यांतली मासळीची खरेदी हाच विषय घ्यायचा विचार आहे, त्यासाठी यंदाच्या जूनपासून रोजचा दर लिहून ठेवायला सुरुवात केली आहे.