क्वार्ट्झ म्हणून मार्बलचा चुरा गळ्यात मारला, ओटा बदलणाऱ्यांनी वाचा

आमचा फ्लॅट नागपूरच्या मनीष नगरात, बारा वर्षं जुना, आणि ओटा बिल्डरने दिलेला साधा काळा ग्रॅनाइट. त्याला काहीही झालं नव्हतं हे आधीच सांगते. पण नणंदेकडे पांढरं किचन पाहिलं तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच बसलं होतं. हे दहा वेळा म्हणाले, अगं आपल्या घरी हळद-तिखट किती, सावजी रस्सा महिन्यातून दोनदा होते, पांढरं कशाला. ऐकलं नाही.

दिवाळीआधी पाच-सहा दुकानं फिरली. एका ठिकाणी दुकानदार भल्ला गोड बोलणारा, ताई ताई करून कॉफी पाजली आणि खरं-खोटं असं मिसळून सांगून राहिला होता की आपल्याला वेगळं करताच येत नाही. ग्रॅनाइट खाणीतला दगड, त्याला बारीक छिद्रं असतात, सीलर मारावं लागते, हे खरं. क्वार्ट्झ फॅक्टरीत बनते, छिद्रं नसतात, एक स्लॅब दुसऱ्यासारखी निघते, हेही खरं. मग म्हणे, "गॅसवरचा कुकर डायरेक्ट ठेवा ताई, दगडच आहे शेवटी." इथंच मी उठून यायला पाहिजे होतं. क्वार्ट्झमध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास दगडाचा चुरा आणि बाकी रेझिन, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिकच, ते दीडशे डिग्रीच्या आसपास बिघडायला लागते अन फोडणीचं तेल त्याच्याही वर जाते. ग्रॅनाइटला मात्र एवढ्या उष्णतेचं काही वाटत नाही. हे सगळं मला नंतर कळलं.

त्याने सॅम्पलवर चाकू ओढून दाखवला, ओरखडा नाही. सॅम्पल खरं होतं, माल तो नव्हता. ४५० रुपये फूट, ४२ फूट, मोल्डिंग-सिंक कटिंग-फिटिंग धरून २६ हजार. पक्कं बिल मागितलं तर "जीएसटी लागंल ना ताई", आणि मी बावळट खूश झाली की पैसे वाचले. स्लॅब आली तेव्हा मी ड्यूटीवर. ब्रँडेड स्लॅबच्या मागे बऱ्याचदा कंपनीचं नाव छापलेलं असते, आमच्या मागे काय होतं ते आता सिमेंटखाली गेलं.

फिटिंगवाली पोरं बाल्कनीत पाणी न मारता कटर चालवत होती म्हणे, तोंडाला साधा रुमाल. क्वार्ट्झची ती धूळ, म्हणजे सिलिका, फुफ्फुसात जाऊन सिलिकोसिस नावाचा फुफ्फुसाचा आजार होते, ऑस्ट्रेलियाने तर १ जुलै २०२४ पासून असल्या दगडावर बंदीच घातली. माझ्या ओट्यात ती सिलिका असती तरी समाधान होतं.

डिसेंबरात संत्री आली, रात्री रस काढला, पुसायचा राहिला. सकाळी ओट्यावर निस्तेज गोल गोल डाग, हात फिरवला तर खरखरीत. मी बिचारी डाग समजून घासत बसली, पण तो डाग नव्हताच, पॉलिशच खाल्लं गेलं होतं. सिंकचा कापलेला तुकडा माळ्यावर होता तो काढला, चाकू ओढला तर सरळ रेघ उमटली, टॉयलेट क्लीनरचे दोन थेंब टाकले तर फस्स करून फेस. क्वार्ट्झ चाकूपेक्षा कडक असते आणि त्याला अॅसिडने असा फेस येत नाही, फेस आला म्हणजे मार्बलचा चुरा रेझिनमध्ये घालून बनवलेला दगड. तोही बाजारात मिळते, वाईट नाही, जमिनीला चालते, पण क्वार्ट्झच्या भावाने काऊन घ्यायचा?

तुकडा घेऊन दुकानात गेली तर म्हणे, "ताई, नॅचरल गोष्ट आहे, थोडा फरक येतेच." विकताना फॅक्टरीचा, तक्रार केली की नॅचरल! मी आवाज चढवला तर दुसरं गिऱ्हाईक वळून पाहू लागलं, मग म्हणाला माणूस पाठवतो. माणूस आला नाही, माझा नंबर ब्लॉक झाला.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन लावला, त्यांनी पहिले बिलच विचारलं. बिल नाही, अर्धे पैसे कॅश, अर्धे यूपीआयने कोणाच्या तरी पर्सनल नंबरवर. जिल्हा ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते म्हणून हातपाय गाळले नाहीत, आणि जुने व्हॉट्सअॅप चाळताना त्याचा एक मेसेज सापडला, "क्वार्ट्झ व्हाइट ४२ फूट फायनल". त्याची प्रिंट काढून ठेवली आहे, वकिलाला दाखवायची आहे.

मागच्या आठवड्यात भावजयीला बेसाच्या नव्या घरासाठी ओटा पाहायचा होता, मला सोबत नेलं. दुकानदाराने स्लॅब दाखवली, मी पर्समधून लिंबू आणि चाकू काढला आणि म्हटलं, सॅम्पलवर नाही भाऊ, आमच्या घरी जी स्लॅब येणार तिच्याच कोपऱ्यावर. तो म्हणे, ताई लिंबू आत ठेवा. आम्ही दोघी खाली उतरलो, पुढच्या दुकानात काळा ग्रॅनाइट पक्क्या बिलावर ठरवला. भावजय गाडीत म्हणते, तुमचा जुना ग्रॅनाइट फेकला काय हो ताई?