‘रिस्पॉन्सिव्ह’ म्हणून विकलेले संकेतस्थळ

पैठणमध्ये आमचे पैठण्यांचे कौटुंबिक दुकान आहे. संकेतस्थळासाठी छत्रपती संभाजीनगरच्या एका व्यावसायिकाने दिलेल्या दरपत्रकात ‘मोबाइल व संगणकासाठी रिस्पॉन्सिव्ह रचना’ असे स्पष्ट लिहिले होते. प्रत्यक्षात त्याने दोन संकेतस्थळे बनवली: संगणकासाठी १२०० पिक्सेल अशा पक्क्या रुंदीचे एक, आणि मोबाइलवरून येणाऱ्याला ज्याच्याकडे परस्पर वळवले जाते असे, त्याचीच अर्धवट नक्कल असलेले दुसरे.

वेब-रचनाकार इथन मार्कोट यांनी २०१० मध्ये रिस्पॉन्सिव्ह रचनेची संकल्पना मांडली, तिचा गाभाच असा की पान एकच असावे आणि पडद्याच्या रुंदीप्रमाणे त्यातील रकाने व छायाचित्रे स्वतःला जुळवून घ्यावीत. मोबाइलसाठी स्वतंत्र संकेतस्थळ ठेवणे ही पद्धतही खोटी नाही. मात्र तिथे प्रत्येक बदल दोन्हीकडे पोहोचवण्याची व्यवस्था लागते. आम्हाला विकले एक आणि दिले दुसरे, ही फसवणूक आहे.

तिचा फटका दरांत बसला. बांगडी मोर पैठणीची किंमत आम्ही बदलली, ती फक्त संगणकावर दिसली. मोबाइलवर जुनीच राहिली आणि गिऱ्हाइके, साहजिकच, आमच्यावर चिडली. विचारणा केल्यावर ‘मोबाइलच्या बदलांचे शुल्क वेगळे’ असे उत्तर मिळाले. त्यातच गूगल आता शोधासाठी मुख्यतः मोबाइलवरचेच पान वाचते, त्यामुळे नकलेत न घेतलेल्या साड्या शोधात येण्याची वाटच बंद झाली.

काम ताब्यात घेण्यापूर्वी मुखपृष्ठ नव्हे, तर आतील एखाद्या वस्तूचे पान संगणकावर उघडून खिडकी हळूहळू अरुंद करावी. रकाने एकाखाली एक आले तर ठीक. आमच्याकडे तळाशी आडवी सरकपट्टी आली. तेच पान मोबाइलवर उघडून पत्ता बदलतो का, हेही पाहावे. पानाच्या कोडमध्ये ‘व्ह्यूपोर्ट’ची, म्हणजे पानाची रुंदी पडद्याइतकी धरायला सांगणारी, ओळ नसेल, तर आयफोन पानाची रुंदी ९८० पिक्सेल धरून सगळे बारीक करून दाखवतो, पण ती ओळ असणे एवढाच पुरावा पुरेसा नाही, कारण आमच्या मुखपृष्ठावर ती होती.

‘दोन्ही पडद्यांसाठी एकच पत्ता, एकच मजकूर’ हे शब्द करारात लिहून घ्यावेत आणि शेवटचा हप्ता ही तपासणी स्वतःच्या मोबाइलवर झाल्यावरच द्यावा.