ऑर्किडची कुंडी: भरलेली की रिकामी?

ऑर्किड घरी येतं तेव्हा कुंडीत बहुधा शेवाळ नाहीतर सालीचे तुकडे भरलेले असतात. ते सगळं काढून मुळं रिकाम्या कुंडीत मोकळी सोडा, असं एक जण सांगतो. दुसरा त्याला वेड्यात काढतो. गंमत म्हणजे दोघांचीही झाडं उत्तम असतात. कारण हा प्रश्न झाडापेक्षा पाणी कोण घालणार आणि किती वेळा, याचा जास्त आहे.

झाडांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या ऑर्किडच्या मुळांना माती कधी भेटतच नाही. त्यांच्यावर पोकळ, मृत पेशींचं स्पंजासारखं आवरण असतं, त्याला व्हेलामेन म्हणतात. कोरडं मूळ रुपेरी दिसतं. त्यावर पाणी टाकून बघत राहा: रुपेरी रंग सरकत जातो आणि मूळ हिरवं होतं. पेशी पाण्याने भरल्या की आतलं हरितद्रव्य दिसू लागतं. म्हणजे साल, कोळसा, शेवाळ ही त्या झाडाची गरज नाही. आपण दोन पाण्यांमध्ये विसरतो, त्याची ती सोय आहे.

पाण्याचा फरक सगळ्यात मोठा. सालीत लावलेल्या फॅलेनॉप्सिसला (दुकानात सर्रास मिळणारं ऑर्किड) साधारण आठवड्यातून एकदा पाणी पुरतं, शेवाळात त्याहूनही कमी वेळा. रिकाम्या कुंडीत मात्र उबदार दिवसांत रोज पाणी, कोरडी हवा असेल तर दोनदा. नुसता फवारा मारून भागत नाही. मुळं पूर्ण हिरवी होईपर्यंत भिजली पाहिजेत. बादलीत दहा-पंधरा मिनिटं बुडवून निथळू देणं सगळ्यात सोपं. चार दिवस गावाला जाणार असाल तर भरलेली कुंडी तुमची वाट बघेल, रिकामी बघणार नाही.

आता उलट बाजू, आणि माझ्या मते ही जास्त महत्त्वाची. पाण्याअभावी पानं सुरकुततात आणि मुळं कुजली तरीही सुरकुततात. भरलेल्या कुंडीत वरची साल कोरडी असते, आतला गाभा ओला; बाहेरून काहीच कळत नाही. मग माणूस आणखी पाणी घालतो आणि झाड संपतं. रिकाम्या कुंडीत मुळांची अवस्था समोर दिसते. टोक हिरवं किंवा लालसर, चकचकीत असेल तर मूळ वाढतंय. टोकापर्यंत पांढरं झालं असेल तर वाढ थांबली आहे. पिठ्या ढेकूण आणि गोगलगाईंनाही लपायला जागा कमी मिळते.

सालीचा आणखी एक त्रास म्हणजे ती कुजते. साधारण दोन वर्षांत तिचा भुगा होऊ लागतो, हवेच्या फटी बुजतात आणि मुळं गुदमरतात, म्हणून कुंडी बदलावी लागते. रिकाम्या कुंडीत बदलायला काही नसतं. पण साठवून ठेवायलाही काही नसतं, त्यामुळे खत पातळ आणि वारंवार द्यावं लागतं: पाकिटावरच्या मात्रेच्या पाव भाग, वाढीच्या काळात आठवड्यातून एकदा. भरलेल्या कुंडीत खताचे क्षार साठत जातात, तिथे अधूनमधून साधं पाणी भरपूर ओतून धुऊन काढायचं.

कुणासाठी काय? व्हँडा, एरिडीस, सीतेची वेणी: रिकामी कुंडी किंवा लाकडी पट्ट्यांची टोपली, विचारच करू नका. जाड मुळांच्या या झाडांना साल भरून ठेवणं म्हणजे कूज ओढवून घेणं. फॅलेनॉप्सिस दोन्हीकडे रमतं. कॅटलियाकडे फुगीर खोडांत पाण्याचा साठा असतो, तेही निभावून नेतं. डेंड्रोबियमची मुळं बारीक. त्याच्या कुंडीत मी कोळशाचे चार मोठे तुकडे टाकेन. ऑन्सिडियम, मिल्टोनिऑप्सिस, बहुतेक पॅफिओपेडिलम आणि कुठलंही कोवळं रोप भरलेल्या कुंडीतच. घरात सतत एसी चालत असेल, हवा कोरडी असेल, तर फॅलेनॉप्सिसलाही सालच द्या.

मग रिकामी कुंडी तरी कशाला, झाड नुसतं टांगलं तर? चालतं, व्हँडा तशी टांगतातच. पण बाजूला मोठी भोकं असलेली मातीची कुंडी पाणी पिते, ते हळूहळू सोडते आणि मुळांभोवती हवा थोडी दमट, थोडी गार ठेवते. प्लॅस्टिकच्या कुंडीत हा फायदा नाही.

बदल करायचा ठरलाच तर नवी मुळं डोकावू लागतील तेव्हाच करा. शेवाळात वाढलेली जुनी मुळं उघड्या हवेत बरीचशी वाळतात, झाड नव्या मुळांवर सावरतं. तोवर ते कुंडीला तारेने घट्ट बांधा. हलत राहिलं तर कोवळी टोकं घासून मरतात. पाणी सकाळी घाला आणि शेंड्यात साचू देऊ नका. वर्षा-दोन वर्षांत मुळं कुंडीला आतून चिकटतात. ती ओढून सोडवू नका, तुटतील. कुंडी लहान पडली की झाडासकट ती मोठ्या रिकाम्या कुंडीत ठेवून द्या.