अ‍ॅड-फ्री प्लॅन घेतला आणि मॅचमधल्या अ‍ॅड तशाच! लाइव्ह स्पोर्ट्स स्ट्रीमिंगचा रिव्ह्यू

अ‍ॅपचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. नाव आलं की अमुक चांगलं का तमुक चांगलं यावर भांडणं सुरू होतात आणि मुद्दा राहतो बाजूला. तर लाइव्ह मॅच दाखवणारं एक स्ट्रीमिंग अ‍ॅप आहे, त्याचा सगळ्यात महाग प्लॅन, वर ठळक अक्षरात 'अ‍ॅड-फ्री' आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात 'लाइव्ह स्पोर्ट्स वगळून'. आता मला सांगा, जो माणूस अ‍ॅप घेतोच मॅचसाठी त्याच्या वाट्याला यातलं फ्री काय आलं? सिरीयल बिनजाहिरातीच्या दिसतात म्हणे. दिसू देत, मी बघत नाही.

आधी चांगलं सांगून टाकतो. पिक्चर क्वालिटी एक नंबर. फायनलसारख्या मॅचलाही गोल गोल फिरत बसत नाही, कॉमेंट्रीची भाषा बदलता येते, मागे जाऊन विकेट परत बघता येते, एकावेळी दोन-तीन स्क्रीन चालतात. म्हणजे अ‍ॅप टाकाऊ आहे असं अजिबात नाही. तक्रार एकच आहे, फक्त ती दर ओव्हरला होते.

क्रिकेटमध्ये जाहिरात दाखवायला जागा शोधावीच लागत नाही. टी-२० च्या एका इनिंगमध्ये ओव्हरच्या मधले गॅपच १९, दोन इनिंगचे मिळून ३८, विकेट पडल्यावरचे वेगळे, ड्रिंक्स वेगळे. आयपीएलमध्ये त्यावर स्ट्रॅटेजिक टाइमआउट, अडीच-अडीच मिनिटांचे, एका इनिंगला दोन. (स्ट्रॅटेजी कोण ठरवतं आणि कुणासाठी ते आपण समजून घ्यायचं.) बिचाऱ्या फुटबॉलवाल्यांना ४५ मिनिटं सलग खेळ दाखवावा लागतो, म्हणून तिकडे सगळा जोर जर्सीवर आणि बाउंड्रीच्या बोर्डांवर. इतक्या गॅप आयत्या मिळत असताना यांना त्या पुरत नाहीत, हे माझ्या डोक्यात जातं.

आंतरराष्ट्रीय वनडे आणि टी-२० मध्ये आता स्टॉप क्लॉक आहे. ओव्हर संपली की फिल्डिंगवाल्यांनी ६० सेकंदात पुढच्या ओव्हरला तयार राहायचं, दोनदा वॉर्निंग आणि तिसऱ्यांदा ५ रनची पेनल्टी. म्हणजे टीमला वेळ पाळायला लावलीय, जाहिरातवाल्यांना कोण लावणार? ओव्हरचा शेवटचा बॉल कीपरच्या ग्लोव्हजमध्ये पोचतो न पोचतो तोच कट. परत येतो तेव्हा बोलर रनअपमध्ये अर्ध्यात आलेला असतो, फिल्ड कशी लावलीय, स्लिप काढली की ठेवली, स्पिनर कुठल्या एंडने आणला, काही कळत नाही. कधीकधी तर थेट बॉल बॅटवर लागतानाच चित्र येतं आणि कॉमेंटेटर "काय शॉट मारलाय" म्हणून ओरडत असतो आणि आपण शॉट बघितलेलाच नसतो.

विकेटचं तर विचारूच नका. कीपरने कॅच घेतला, सगळे ओरडतायत, बॅट्समन हलत नाही, बॅटकडे बघतोय, बोलर अंपायरकडे वळलाय आणि आपल्याला नेमकं बघायचंय की बॉलला बॅटची कड लागली का नाही, आणि त्याच क्षणाला धप्पकन कुणीतरी नाचत नाचत येतं, आवाज दुप्पट, बाळ झोपलेलं असेल तर उठलंच समजा. नाच संपून परत मैदानावर येतो तोवर नवा बॅट्समन गार्ड घेत असतो आणि रिप्ले होऊन गेलेला असतो. अहो, विकेटचा रिप्ले म्हणजे मॅच बघण्यातला अर्धा आनंद आहे, तोच विकून टाकलाय.

एका मित्राने याचं कारण समजावलं. टीव्हीवर एकच जाहिरात सगळ्यांना दिसते, पण अ‍ॅपवर माझ्या फोनला वेगळी आणि तुमच्या फोनला वेगळी, आणि ती सर्व्हरवरच मॅचच्या व्हिडिओत शिवून पाठवतात, म्हणून ब्लॉकर-बिकर काही चालत नाही. जाहिरातीची लांबी आणि मैदानावरचा गॅप जुळला नाही की पहिला बॉल गेला. वर अ‍ॅपवरचं चित्र टीव्हीपेक्षा उशिराच येतं, त्यामुळे ग्रुपवर "गेलाsss" पडतं तेव्हा आपण टायरची जाहिरात बघत असतो.

आणि तीच तीच जाहिरात! वेगवेगळ्या दाखवा ना बाबांनो. एका मॅचमध्ये एकच जाहिरात इतक्या वेळा बघितलीय की त्यातल्या आजोबांचे डायलॉग मला पाठ झालेत, आणि कंपनीबद्दल प्रेम वाटायचं सोडून ती वस्तू दुकानात दिसली तरी तोंड फिरवतो. फॅन लोकांना जाहिरातींचं वावडं आहे असं कंपन्यांना वाटतं, पण तसं नाहीये. २००९ ची आयपीएल आठवा, साउथ आफ्रिकेत झालेली. व्होडाफोनचे झूझू! जवळपास रोज नवीन जाहिरात यायची, लोक ब्रेकची वाट बघायचे, ब्रेक लागला की आतल्या खोलीतून माणसं पळत यायची. ते कार्टून नव्हतं, सूट घातलेली खरी माणसं होती हे कळल्यावर तर अजूनच. अमेरिकेत सुपर बोल, म्हणजे तिकडच्या फुटबॉलची फायनल, बघणारे कितीतरी लोक जाहिरातींसाठीच बसतात. म्हणजे मेहनत घेतली, नवीन काही दाखवलं आणि खेळाच्या आड आला नाहीत तर लोक स्वतःहून बघतात, शेअर पण करतात.

आड आलात की मात्र शिव्या. अमेरिकेतल्या बेसबॉल लीगने २००४ मध्ये ठरवलं होतं की एका सिनेमाच्या प्रमोशनसाठी मैदानातल्या बेसवरच, म्हणजे धावताना पाय टेकवतात त्या चौकोनी गाद्यांवर, चित्र छापायचं. फॅन इतके खवळले की दुसऱ्याच दिवशी बेसवाला भाग मागे घेतला. आइस हॉकीत, एनएचएलमध्ये, २०२२-२३ च्या सीझनपासून कडेच्या बोर्डांवरच्या जाहिराती कॉम्प्युटरने बदलून दाखवायला लागले, खेळ चालू असताना मागे चित्रं हलतात आणि मधेच खेळाडूची स्टिक नाहीतर पक (बॉलऐवजी असते ती चपटी चकती) त्यात विरघळतो. आधीच तो पक दिसत नाही धड! त्यावरून लोकांनी रान उठवलं होतं.

आपल्या अ‍ॅपवर याचा भाऊ आहे, चित्र आक्रसणारी जाहिरात. बोलर धावत येतोय आणि पिक्चर एका कोपऱ्यात सरकतं, खाली आणि बाजूला गाडी नाहीतर शाम्पू, स्कोअर कुठे गेला ते शोधा. टीव्हीवर एकवेळ चालतं, फोनवर बॉल मोहरीएवढा दिसतो. पूर्ण ब्रेकपेक्षा मला याचा जास्त राग येतो, कारण ब्रेकमध्ये निदान पाणी प्यायला उठता तरी येतं.

जर्सीवरच्या नावांचं मला फार काही वाटत नाही, डोळ्याला सवय होते. काहींना होत नाही. बार्सिलोना या फुटबॉल क्लबने किती वर्षं जर्सीवर स्पॉन्सर घेतलाच नव्हता, २००६ मध्ये नाव आलं ते युनिसेफचं आणि त्याचे पैसे क्लबनेच युनिसेफला दिले, मग २०११ मध्ये पैसे घेऊन कतार फाउंडेशन आलं तेव्हा जुने फॅन दुखावले. २०२५ च्या आशिया कपला आपल्या टीमच्या जर्सीवर स्पॉन्सरच नव्हता, ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला आणि ड्रीम११ बाहेर पडलं म्हणून. समोर नुसतं इंडिया. मला तर ती जर्सी फार आवडली, असो.

उपाय नाहीये असं पण नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत ईएसपीएनवर फॉर्म्युला वन सुरू झालं, सुरुवातीला लोकांनी जाम शिव्या घातल्या, मग त्याच सीझनमध्ये गाड्यांचं पॉलिश बनवणाऱ्या एका कंपनीने स्पॉन्सर केलं आणि रेस बिनब्रेकच्या दिसायला लागल्या. आपल्याकडे एवढं नको. फक्त ओव्हरचा पहिला बॉल आणि विकेटचा रिप्ले सोडा, बाकी दाखवा काय दाखवायचं ते.

कस्टमर केअरला लिहिलं होतं. "आपला अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" असं उत्तर आलं आणि त्याच्याखाली प्लॅन अपग्रेड करायची लिंक. सगळ्यात वरच्या प्लॅनवाल्याला!

अडीच स्टार, आणि तेही पिक्चर क्वालिटीचे. फक्त मॅच बघायच्या असतील तर महागाचा प्लॅन घेऊच नका, खालच्या प्लॅनमध्ये त्याच जाहिराती स्वस्तात मिळतात. सिरीयल-सिनेमे पण बघत असाल तर वरचा घ्या, तिथे शब्द पाळतात. आणि घेतल्या घेतल्या आधी ऑटो-रिन्यू बंद करा, ते सेटिंग अकाउंटमध्ये नाही, पेमेंटच्या आत, अगदी तळाला आहे.