शॉटगन माईक: आखूड, मधला की लांब?

शॉटगन माईक म्हणजे आवाजाची दुर्बीण, असं गृहीत धरून बरेच जण खरेदीला निघतात. वीस फुटांवरचा नट कानाशी बोलल्यासारखा ऐकू येईल, अशी आशा असते. मीही याच आशेवर पहिला माईक घेतला होता. प्रत्यक्षात हा माईक बाजूचे आवाज थोडेफार दाबतो, आणि तेही सगळे दाबत नाही.

माईकच्या नळीला बाजूने चिरा असतात. समोरचा आवाज नळीतून सरळ आत जातो. बाजूचा आवाज वेगवेगळ्या चिरांतून थोडा मागेपुढे शिरतो, म्हणून त्याच्या लहरी आतल्या आत एकमेकींना खोडतात. पण लहर नळीपेक्षा लांब असली की ही खोडाखोड जमत नाही. १,४०० हर्ट्झच्या आवाजाची लहर साधारण २५ सेंटीमीटर असते, तर १०० हर्ट्झची जवळजवळ साडेतीन मीटर. म्हणजे पानांची सळसळ, किड्यांची किरकिर बाजूला राहील, पण रस्त्यावरच्या ट्रकची घरघर कुठलाही माईक लावा, येणारच.

आता निवडीकडे. आखूड माईकमध्ये रोड कंपनीचा एनटीजी ५ घ्या: लांबी २० सेंटीमीटर, वजन ७६ ग्रॅम. मधल्या लांबीत सेनहायझरचा एमकेएच ४१६: २५ सेंटीमीटर, १६५ ग्रॅम. कागदावर नव्वद ग्रॅमचा फरक किरकोळ वाटतो. तीन मीटरच्या बूमच्या, म्हणजे माईक लावायच्या लांब दांड्याच्या, टोकाला तो लटकला आणि हात डोक्यावर ठेवून चौथा टेक चालू झाला, की खांद्याला विचारा. बूम धरणारा सराईत नसेल, मित्रमंडळींपैकीच कोणी असेल, तर मी डोळे झाकून आखूड माईक सुचवेन. तो जरा ऐसपैस ऐकतो, त्यामुळे नेम थोडा चुकला तरी संवाद हातचा जात नाही.

मग ४१६ कशाला घ्यायचा? एक म्हणजे त्याचा आवाज: संवाद पुढे येतात, शब्दांना धार येते. दुसरा मुद्दा दमट हवेचा, आणि त्यात एनटीजी ५ही मागे नाही. साध्या कंडेन्सर माईकला ओलसर पहाटे किंवा पावसाळी दिवशी चरचर सुटू शकते. ४१६ आणि एनटीजी ५ रेडिओ फ्रिक्वेन्सीच्या तत्त्वावर चालतात, त्यामुळे ते ओलावा बराच सोसतात. पाण्याकाठी, जंगलात वारंवार शूटिंग असेल तर हा मुद्दा मला आवाजाच्या धारेपेक्षाही मोठा वाटतो.

लांब माईकचा मोह सगळ्यांनाच होतो. सेनहायझरचाच एमकेएच ७० हा ४१ सेंटीमीटरचा आहे आणि त्याची स्वतःची सरसर (शांततेतही माईकमधूनच येणारा बारीक आवाज) फक्त ५ डेसिबल, तर ४१६ची १३. दूरच्या पक्ष्यासाठी, किंवा जिथे जवळ जाताच येत नाही अशा ठिकाणी त्याला तोड नाही. पण चालत बोलणाऱ्या दोन पात्रांवर तो धरून बघा. एकाकडून दुसऱ्याकडे बूम वळवायला अर्धा क्षण उशीर झाला, की पहिल्या दोन शब्दांतले ‘स’ आणि ‘श’ बोथट होतात, जणू कोणी तोंडावर रुमाल धरलाय. संवादपटासाठी पहिला माईक म्हणून लांब शॉटगन घेऊ नका.

रेकॉर्डरला किंवा कॅमेऱ्याला ४८ व्होल्टचं फँटम, म्हणजे केबलमधूनच माईकला मिळणारी वीज, आहे का, हे आधी बघून घ्या. वरच्या तिन्ही माईकना ते लागतं. नसेल तर रोडचा एनटीजी २ पेन्सिल सेलवरही चालतो. त्याची सरसर १८ डेसिबल आहे, हे मात्र मान्य करून घ्यायचं.

खरा फरक पडतो तो माईक कुठे धरला यावर. कॅमेऱ्यावर बसवलेला माईक नटापासून तीन मीटरवर असेल आणि बूमवरचा पाऊण मीटरवर, तर अंतर दोनदा निम्मं झालं. दर निम्म्याला ६ डेसिबल धरले तर उघड्या मैदानात १२ डेसिबलचा फायदा, तोही फुकट. कॅमेऱ्यावर महागडा माईक लावण्यापेक्षा बूमवर साधा माईक केव्हाही बरा. बूम वरून धरा, फ्रेमच्या अगदी कडेला, रोख छातीच्या वरच्या भागाकडे. मग माईकच्या नजरेत नटामागे जमीन येते. खालून धरलात तर मागे येतं आकाश, म्हणजे विमानं आणि झाडावरचे कावळे.

आणि वारा. माईकबरोबर मिळणारी स्पंजची टोपी घराबाहेर जवळपास निकामी असते. एकदा टेकडीवर मी तेवढ्यावरच भागवलं. लेव्हल ठीक दिसत होती आणि हेडफोन गळ्यात होता. संध्याकाळी ऐकलं तर प्रत्येक वाक्याखाली कोणीतरी ताडपत्री झटकत होतं. अख्खा प्रसंग डब करावा लागला. लो-कटने, म्हणजे खालचे घुमणारे आवाज कापणाऱ्या फिल्टरने, यातलं थोडं निघतं, पण आवाज आधीच फाटला असेल तर काहीच निघत नाही. ४१६वर तर लो-कटचं बटणच नाही, ते मिक्सरवर शोधावं लागतं. म्हणून ब्लिम्प (अख्खा माईक आत बसतो तो वारा अडवणारा पिंजरा) आणि त्यावरचं केसाळ कव्हर हा माईकचाच भाग समजून पैसे बाजूला काढा. दोन्हीला पुरत नसतील तर माईक एक पायरी खालचा घ्या, ब्लिम्प मात्र चांगलाच घ्या. बूमवरची पकड आवळून बोटं सरकवू नका, आणि केबल दांड्यावर आपटू देऊ नका. ती टकटक ब्लिम्पही अडवत नाही.

शेवटचा टेक झाला की बूम तिथेच धरून सगळ्यांना एक मिनिट गप्प उभं करा आणि नुसता परिसर रेकॉर्ड करा, एडिटिंगमध्ये संवादांमधल्या फटी भरायला. युनिट कुरकुरेल, कोणीतरी नेमका खोकेल. मग पुन्हा एक मिनिट.